पेट्रोलवरचा चिपर: निवडायचा कसा, चालवायचा कसा

झाडाची छाटणी दोन तासांत उरकते आणि फांद्यांचा ढीग मात्र महिनाभर जागचा हलत नाही. पावसाळ्यापूर्वी सोसायटीच्या कुंपणाला टेकून पडलेले गुलमोहराचे डहाळे, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागेच्या बांधावर साचलेल्या काड्या, आंब्याच्या जुन्या बागेत छाटणीनंतर वाट अडवून बसलेला पसारा, सगळीकडे अडचण एकच. हे जाळायचं नाही. शहरात उघड्यावर जाळायला बंदी आहे, आणि शेतात जाळलं तर जमिनीत जाऊ शकणारा सेंद्रिय माल धूर होऊन जातो. पेट्रोल चिपर, म्हणजे फांद्या कापून त्यांचा चुरा करणारं पेट्रोलवरचं यंत्र, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पण हे यंत्र चुकीचं घेतलं तर पडून राहतं आणि चुकीचं चालवलं तर हात नेतं. म्हणून खरेदीपासूनच सुरुवात करू.

आधी आपल्या फांद्या मोजा

दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन ढिगाजवळ जा आणि फांद्यांची बुडाकडची जाडी मोजा. आपल्याकडे तीन इंचांवरचं लाकूड बहुतेक वेळा जळण म्हणून जातं. कुणीतरी ते घेऊनच जातं. उरतो तो अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीचा माल, आणि चिपर त्यासाठी घ्यायचा आहे. एखाददुसऱ्या जाड ओंडक्यासाठी मोठं यंत्र घेणं म्हणजे वर्षभर फुकटचं पेट्रोल जाळणं. तो ओंडका करवतीने कापा आणि बाजूला ठेवा.

पत्रकावर छापलेली जाडी ही एकच ताजी, मऊ फांदी कशीबशी आत जाईल अशी कमाल मर्यादा असते. दिवसभर काम करायचं तर त्याच्या साधारण साठ-पासष्ट टक्के धरा. ७ एचपीच्या यंत्रावर तीन इंच लिहिलेलं असलं तरी ते आरामात दीड ते दोन इंच घेतं. १३ ते १५ एचपीचं यंत्र अडीच-तीन इंचाला बरं. यामागे साधा हिशेब आहे: फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचं क्षेत्रफळ चौपट होतं. एका इंचाने फारसा फरक पडत नाही असं वाटतं, पण इंजिनाला तो लगेच कळतो.

पेट्रोलचा खर्चही आत्ताच धरा. ७ एचपीच्या आसपासचं, सुमारे २०० सीसीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला पावणेदोन लिटरपर्यंत पेट्रोल पितं. ३९० सीसीचं साडेतीन लिटरपर्यंत. ट्रॅक्टर असेल आणि तो ढिगापर्यंत पोचत असेल, तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा चिपर जास्त परवडतो. पेट्रोलचं यंत्र खरं कामाचं तिथे, जिथे ट्रॅक्टर शिरत नाही: सोसायटीचं आवार, कोकणातली उताराची बाग, दोन इमारतींमधली गल्ली.

चकती, ड्रम की हातोडे

लहान पेट्रोल यंत्रांत बहुधा जड पोलादी चकती असते आणि तिच्यावर दोन ते चार ब्लेड बोल्टने बसवलेली असतात. फांदी या फिरत्या ब्लेड आणि खालच्या स्थिर ब्लेडच्या मध्ये कापली जाते. चिप्स एकसारख्या पडतात आणि धार लावायला सोपं जातं. ड्रमवाल्या यंत्रात ब्लेड गोल नळकांड्यावर असतात. वेड्यावाकड्या, फुटव्यांच्या फांद्या ते जास्त चांगल्या ओढून घेतं, पण यंत्र जड आणि महाग असतं. तिसरा प्रकार हातोड्यांचा श्रेडर. तो कापत नाही, ठेचतो. पालापाचोळा आणि कोवळे शेंडे यांना उत्तम, जाड फांदीला निरुपयोगी. काही यंत्रांत दोन तोंडं असतात, वरचं मोठं पाल्यासाठी आणि बाजूचं लहान फांद्यांसाठी. घरच्या बागेला असं जोडयंत्र सोयीचं. छाटणीची कंत्राटं घेणाऱ्याने मात्र निव्वळ चकतीचं किंवा ड्रमचं घ्यावं.

दुकानात काय तपासाल

सगळ्यात आधी हॉपर, म्हणजे फांद्या आत घालायचं पसरट तोंड. इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, चकती थांबलेली, अशा स्थितीत हॉपरच्या तोंडाशी उभं राहून आत हात लांब करा. बोटं ब्लेडपर्यंत पोचत असतील तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. हॉपर आखूड केला की पत्रा वाचतो, आणि ती बचत तुमच्या हातावर होते.

मग विचारा: जादा ब्लेड मिळतात का, कितीला, किती दिवसांत? स्थिर ब्लेड उलटवून दुसरी कड वापरता येते का? पट्टा बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या ए किंवा बी मापाचा आहे का? बेअरिंगवर नंबर आहे का? ज्या यंत्राचं ब्लेड फक्त त्याच विक्रेत्याकडे मिळतं, ते ऐन हंगामात उभं राहतं. ब्लेडचा एक जादा संच खरेदीच्याच बिलात घ्या.

चालवून दाखवायला सांगा, आणि फांद्या तुमच्या घेऊन जा: एक ताजी आंब्याची, एक वाळकी बाभळीची, एक भरपूर पानांची. विक्रेता सरळसोट सुबाभळीची काडी घालून दाखवतो, त्यावरून काही कळत नाही. फांदी आत जाताना इंजिनाचा आवाज जरा खाली येऊन लगेच सावरला पाहिजे. पानांची फांदी घातल्यावर बाहेरच्या नळीत माल साचतो का, तेही पाहा.

शेतीसाठी घेत असाल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाच्या अर्जांचं संकेतस्थळ) यांत्रिकीकरणाच्या यादीत हे यंत्र बसतं का, ते आधी पाहा. अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची असते; आधी बिल केलं तर अनुदान हुकतं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी

नवं इंजिन बहुतेक वेळा ऑइल न भरताच येतं. दोरी ओढण्याआधी ऑइल भरा, नाहीतर पहिल्याच दिवशी पिस्टन बसेल. २०० सीसीच्या इंजिनाला सुमारे ०.६ लिटर, ३९० सीसीला सुमारे १.१ लिटर, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं. यंत्र सपाट जागी ठेवूनच पातळी बघा. या प्रकारच्या बऱ्याच इंजिनांत ऑइल मोजायची कांडी आटे न फिरवता नुसती आत टेकवून पातळी वाचतात; पुस्तिकेत एकदा खात्री करा. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. पहिल्या २० तासांत निघणाऱ्या ऑइलमध्ये बारीक धातूची चमक दिसते. नवीन भाग एकमेकांवर घासून बसल्याची ती खूण आहे, पण ते ऑइल आत ठेवायचं नाही.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि महिनाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये घाण करतं. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्याही त्याने फुगतात. इंजिन किती टक्क्यांपर्यंत चालतं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, खरेदी करतानाच विचारा. आठवड्यात संपेल एवढंच पेट्रोल आणा, आणि ते पाण्याच्या बाटलीत नको, झाकणाच्या पक्क्या कॅनमध्ये आणा. काम थांबवताना पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं की कार्बोरेटर रिकामा होतो. 'सीझनला चालूच होत नाही' या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. त्याहून सैल असला तर घसरून जळतो, फार ताठ असला तर बेअरिंग खातो. ब्लेडचे आणि चकतीचे सगळे बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरावर आवळणारा पाना) आवळा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर यंत्र थंड करून पुन्हा एकदा आवळा, कारण नव्या यंत्रात ते बसून सैल होतात.

जागा आणि परवानगी

महापालिका आणि नगरपालिका हद्दीत झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. मोठी छाटणीसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच करा, सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी. चिपरचा आवाज जवळ उभ्या माणसाला १०० डेसिबलच्या आसपास लागतो, त्यामुळे वस्तीत सकाळी नऊच्या आधी आणि दुपारच्या झोपेच्या वेळी लावू नका. एक दिवस आधी सूचना फलकावर वेळ लिहिली की निम्मी भांडणं टळतात.

यंत्र सपाट, कोरड्या जागी ठेवा. उतारावर ऑइल एका बाजूला जातं, आणि ऑइल कमी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर ते सारखं बंद पडतं. लोक मग प्लग बदलत बसतात. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चुरा उडणाऱ्या नळीचं तोंड भिंत, काच, गाड्या आणि रस्ता यांच्यापासून दूर वळवा आणि त्या दिशेला दहा मीटरपर्यंत कुणाला उभं राहू देऊ नका. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. पायाखालची जागा अधूनमधून झाडून घ्या, काड्यांवरून पाय घसरला तर माणूस हॉपरवरच पडतो.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांना जाळीचा किंवा पारदर्शक मुखवटा, कानाला इअरमफ, डोक्याला हेल्मेट, पायात कडक टोकाचे बूट. हातमोजे घट्ट आणि मनगटाशी संपणारे. लांब, सैल कडांचे मोजे फांदीत अडकतात. ओढणी, लुंगी, गळ्यातला गमछा, सैल शर्टाची टोकं, घड्याळ, कडं, हातातला गंडा यांतलं काहीही नको. लांब केस बांधून हेल्मेटखाली.

आणि दोर. झाडावर चढायचे, फांद्या उतरवायचे दोर चिपरपासून दूर, वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. दोराचं टोक फांदीबरोबर आत गेलं तर तो दोर डोळ्याची पापणी लवण्याआधी आत खेचला जातो, आणि त्याच्या वेटोळ्यात ज्याचा पाय असेल त्यालाही ओढतो. झाडकामात चिपरमुळे झालेल्या भीषण अपघातांत हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. फांदीला बांधलेला दोर, सुतळी किंवा तार ढिगावरच सोडवून काढा.

एकट्याने चिपर चालवू नका. दुसरा माणूस स्विचच्या हाताशी हवा, आणि इंजिन कसं बंद करायचं हे त्याला कामाआधी करून दाखवलेलं हवं.

चालवण्याचा क्रम

१. ढीग आधी लावून घ्या: सगळी बुडं यंत्राकडे, शेंडे बाहेर. आडवेतिडवे फुटवे कोयत्याने मोडून घ्या. रस्त्याकडेच्या झाडांना पाट्यांचे खिळे असतात, सोसायटीतल्या झाडांना दिव्यांच्या माळांची तार असते. हात फिरवून बघा.

२. हॉपरमध्ये आणि चकतीच्या घरात कालचा माल राहिला नाही ना, ते इंजिन बंद असताना बघा. भरलेल्या घरावर दोरी ओढली की दोरी हाताला उलटा झटका देते.

३. इंजिन थंड असतानाच पेट्रोल भरा, जाळीच्या नरसाळ्याने. सांडलेलं पुसा आणि कॅन लांब नेऊन ठेवा.

४. नळ उघडा, चोक ओढा, एक्सलेटर जरासा वर, स्विच चालू. दोरी आधी हळू ओढून ताण लागेपर्यंत आणा, मग एकदम ओढा. चालू झाल्यावर चोक हळूहळू परत ढकला आणि दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या.

५. एक्सलेटर पूर्ण. फांदी पूर्ण वेगावरच घालायची. कमी वेगावर चकतीत जोर साठत नाही, फांदी ठोके खाते आणि पट्टा घसरतो. पेट्रोल वाचवायला अर्ध्या एक्सलेटरवर चिपर चालवणारे पट्ट्यांवर त्याहून जास्त घालवतात.

६. हॉपरच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहा. बूड आधी घाला, ब्लेडने फांदी पकडली की लगेच सोडून द्या आणि मागे सरका. पकडलेली फांदी गरकन फिरते आणि तिचे फुटवे चाबकासारखे लागतात.

७. इंजिनाचा आवाज खाली गेला की थांबा. पूर्ण वेगावर आल्यावरच पुढची फांदी.

८. आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत. लाकडाची लांब काठी ठेवा. आत गेली तर कापली जाईल, ब्लेडला काही होणार नाही. लोखंडी सळई कधीच नको. पायाने ढकलणं तर मनातही आणू नका.

९. जमिनीवर उरलेला बारीक कचरा झाडून आत टाकू नका. त्यात माती आणि खडे असतात. दिवसभराची धार एका फावड्यात जाते. तो थेट आच्छादनात घाला.

१०. शेवटची फांदी गेल्यावर दोन मिनिटं पूर्ण वेगावर चालू ठेवा, म्हणजे नळी रिकामी होते. मग एक्सलेटर खाली, थोडा वेळ मंद, आणि बंद.

कोणत्या झाडाला काय

आंबा, गुलमोहर, सुबाभूळ, कडुनिंब छाटल्यापासून दोन-तीन दिवसांत घातले तर लोण्यासारखे जातात. ओल असते तोवर लाकूड मऊ असतं. वाळलेली बाभूळ आणि चिंच ब्लेड बोथट करतात, त्या शेवटी घ्या. वड, पिंपळ, उंबर, फणस यांचा चीक चकतीला चिकटून त्यावर भुसा थापला जातो. काम संपल्यावर, थंड झाल्यावर डिझेलच्या फडक्याने पुसा. नारळाच्या झावळ्या आणि बांबू यांचे लांब धागे शाफ्टला गुंडाळले जातात: झावळीचा जाड देठ वेगळा करा, थोड्या झावळ्या घातल्या की मध्ये एक टणक फांदी घाला, आणि अर्ध्या तासाने यंत्र बंद करून शाफ्ट बघा. पावसात भिजलेला पाला नळीत लगद्यासारखा बसतो, त्यालाही टणक फांदीची जोड लागते. केळीचे खांब लहान चिपरमध्ये घालूच नका.

डाळिंबाच्या फांद्यांवर तेल्या किंवा मर रोग असेल तर तो चुरा बागेत परत पसरायचा नाही. रोगट माल बागेबाहेर नेऊन नष्ट करा. कण्हेर विषारी आहे, तिचा चुरा शेळ्या-गुरं पोचतील तिथे नको. बाभूळ आणि बोगनवेलीचे काटे चुऱ्यात टिकून राहतात, म्हणून पायवाटेवर नकोत.

अडकलं तर

इंजिन बंद करा. चकती बंद झाल्यासारखी वाटते पण जड असल्यामुळे मिनिटभर किंवा त्याहून जास्त फिरत राहते. कानाला आवाज येत नाही, म्हणून डोळ्यांनी खात्री करा. प्लगची टोपी काढून लांब सारा. मगच झाकण उघडा, चकतीला अडकवायची खीळ असेल तर ती घाला आणि काठीने माल मोकळा करा. हा क्रम घाईतही बदलायचा नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेली फांदी निघताच ताणलेला पट्टा चकतीला थोडं फिरवू शकतो, आणि बोट जायला तेवढं पुरतं.

पुन्हा पुन्हा अडकत असेल तर कारण बहुतेक तीनांतलं एक: बोथट ब्लेड, ढिला पट्टा, नाहीतर ओला पाला. यंत्र अचानक थरथरायला लागलं तर तत्काळ बंद करा, ब्लेडचा तुकडा उडालेला असू शकतो किंवा बोल्ट सैल झालेला. काळा धूर आणि जोर कमी म्हणजे आधी एअर फिल्टर बघा. चिपरच्या धुळीत तो फार लवकर भरतो; पुस्तिकेत ५० तास लिहिलेले असले तरी इथे रोज झटका.

धार आणि फट

या यंत्राचं निम्मं आयुष्य इथे ठरतं. बाहेर पडलेला चुरा हातात घेऊन बघा. कडा स्वच्छ कापलेल्या, नखाएवढे चपटे तुकडे पडत असतील तर सगळं ठीक. लोंबते धागे, चोथा, धूळ, किंवा फांदी आत न जाता ठणठण उडत असेल तर काम थांबवून ब्लेड काढा. बोथट ब्लेडवर रेटत राहिलात तर इंजिन तापतं, बेअरिंग जातं आणि माणूस वैतागून फांदी हाताने ढकलायला लागतो. धोक्याची खरी सुरुवात तिथे होते.

धार फक्त उताराच्या बाजूने लावायची, मूळचा कोन तसाच ठेवून. पाठ सपाटच राहिली पाहिजे. ग्राइंडरवर पाणी घेत, हलक्या हाताने. कड निळी पडली म्हणजे पोलादाचा पाणीदारपणा गेला, ते ब्लेड पुन्हा टिकत नाही. सगळे ब्लेड एकत्र काढा, सारखेच घासा आणि काट्यावर वजन करा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. समोरासमोरच्या दोन ब्लेडमध्ये दोन-तीन ग्रॅमहून जास्त फरक नको, नाहीतर चकती थरथरते. जुने लॉकनट पुन्हा वापरू नका.

घासल्यावर ब्लेड आखूड होतं आणि फट वाढते, म्हणून ती दरवेळी मोजा. बहुतेक लहान यंत्रांत फिरतं आणि स्थिर ब्लेड यांमध्ये एक ते दीड मिलिमीटर अंतर असतं. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर हॅकसॉच्या जुन्या ब्लेडचे दोन तुकडे एकावर एक ठेवले की साधारण सव्वा मिलिमीटर होतात. प्लगची टोपी काढून, जाड मोजे घालून चकती हळू फिरवा आणि प्रत्येक ब्लेड वेगळं तपासा. स्थिर ब्लेडची कड गोल झाली असेल तर ते उलटवा. लोक वरच्या ब्लेडला धार लावत राहतात आणि खालचं विसरतात.

चुऱ्याचं काय करायचं

झाडाभोवती सात ते दहा सेंटिमीटर जाडीचा थर द्या, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. खोडाला टेकलेला ओला चुरा साल कुजवतो आणि वाळवीला वाट करून देतो. ताजा चुरा मातीत मिसळू नका. तो कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. वर पसरलेल्याने हे होत नाही. खत करायचं असेल तर शेणाची स्लरी शिंपडून ढीग लावा आणि दर पंधरवड्याला पालटा. पानांसकट केलेला ताजा चुरा दोन-तीन दिवसांत आतून चटका बसेल इतका तापतो, तेव्हा तो भिंतीला किंवा पत्र्याच्या शेडला लागून मोठ्या ढिगात ठेवू नका.

पावसाळ्यात ठेवताना

जूननंतर काम बंद होणार असेल तर टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा, ऑइल बदला. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. ब्लेड आणि चकतीला ग्रीसचा पातळ हात द्या. पट्ट्याला ग्रीस लागू देऊ नका. त्याचा ताण सैल करा आणि बेअरिंगला ग्रीस गनचे एक-दोन झटके द्या. यंत्र विटांवर किंवा फळीवर उभं करा आणि वर ताडपत्री टाका, पण खालून हवा खेळू द्या, कारण घट्ट गुंडाळलेल्या प्लॅस्टिकमध्ये ऑगस्टपर्यंत सगळे बोल्ट गंजतात.